डिकामालीला फूल येत नाही

आधी रामदासभाऊंचं नाव लिहिते, मग बाकीचं. मी एकीकडून सुरू करते आणि भलतीकडेच जाऊन बसते, आणि ज्याचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं तेच राहून जातं. म्हणून आधी नाव. रामदासभाऊ जेसीबी चालवतात. गाव पवनीकडचं, वैनगंगेच्या काठाचं. आमची ओळख जेमतेम पाच दिवसांची. त्या पाच दिवसांत त्यांनी माझ्यासाठी एक झुडूप उभं ठेवलं. त्यापायी त्यांना साहेबाची बोलणी खावी लागली. पुढे त्यांचं काम राहिलं की गेलं, मला कळलेलं नाही, आणि हा घोर मनातून जात नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळे लिहायला बसलं की हात दबकतो, वेलांटी पहिली की दुसरी यातच अर्धा जीव जातो. पण इथे पुण्यात, पाळणाघरात, दुपारी बारा ते दोन मुलं निजतात. तेवढा वेळ माझा असतो. पंखा फिरत असतो, कुणाचं तरी नाक वाजत असतं, आणि मी माझ्या ट्रंकेतली पत्र्याची डबी काढते. झाकणावरची बाई पुसून गेली आहे, तिची एक भुवई तेवढी उरली आहे. आत डिकामालीच्या डिंकाचा सुपारीएवढा एक खडा. मधाच्या रंगाचा होता, आता गुळाच्या काकवीसारखा काळसर झाला आहे. झाकण उघडलं की वास येतो. हिंगाच्या जवळचा, पण हिंगाचा म्हणता येणार नाही. भिजलेल्या मांजराचा, कडू पाल्याचा, गोठ्यातल्या धुराचा, सगळ्याचा मिळून. एकदा एका बाळाची आई दारातूनच म्हणाली, "ताई, काहीतरी जळतंय का?" मी झाकण लावून टाकलं. त्या बिचारीला काय सांगणार, की हा आमच्या बरडाचा वास आहे.

नागपूर जिल्ह्यात, कुहीच्या पुढे आमचं गाव. धानाच्या बांध्या संपल्या की जमीन हळूच वर उचलायची आणि रंग बदलायची. काळी माती मागे राहायची, तांबूस खडे सुरू व्हायचे. त्या उंच, खडकाळ जागेला आम्ही बरड म्हणायचो. सरकारी कागदावर तिचं नाव झुडपी जंगल. नांगराला तिथं काही मिळायचं नाही, म्हणून ती कुणाची नव्हती आणि आम्हा सगळ्यांची होती. भराटीच्या काट्या, धायटी, तरोटा, आणि मधून मधून कमरेएवढी, छातीएवढी डिकामालीची झुडपं. पानं चकचकीत, जशी कुणी तेलाचा हात फिरवून ठेवली आहेत.

माघात पहाट झाली की माय मला हलवायची. "ऊठ वं बाई, ऊन आलं तं हाती काई लागनार नाई." डिकामालीच्या प्रत्येक शेंड्यावर डिंकाचा एक थेंब बसलेला असतो. रात्रीच्या थंडीनं तो काचेसारखा कडक होतो. ऊन चढलं की मऊ पडतो, बोटाला चिकटतो, मग खुडता येत नाही. म्हणून सूर्याच्या आत बरडावर पोचायचं. दव इतकं की पायातल्या चपला हातात घ्याव्या लागायच्या. समोर तांबडं फुटायला लागलं की सगळी झुडपं टोकाटोकांशी पेटल्यासारखी व्हायची, शेंड्याशेंड्यावर एकेक पिवळा दिवा. आणि मग बायकांच्या नखांचा आवाज. कट्. कट्. कट्. त्यात मायच्या बांगड्या. कुणी फारसं बोलायचं नाही. बोललं की तोंडातून वाफ निघायची आणि आम्ही पोरी तिलाच हसायचो.

खुडायचीही रीत होती. खालचे शेंडे पोरींचे, वरचे बायांचे. पहिला शेंडा ओच्यात टाकायचा नाही. तो घरी नेऊन गोठ्याच्या चौकटीला चिकटवायचा, म्हणजे जनावरांच्या जखमेला माशी बसत नाही म्हणायचे. आणि निघताना झुडपाकडे पाहून म्हणायचं, "येतो गा बाप्पा, पुढल्या साली." माय हे इतक्या साधेपणानं म्हणायची, की शेजारच्या घरून निघते आहे असं वाटावं. माणसाला म्हणावं तसं झाडाला गा म्हणायचं, हे मला फार आवडायचं.

घरी आलं की हात धुण्याचा सोहळा. पाण्यानं हा डिंक जात नाही, साबणानं आणखी पसरतो. आधी तेल चोळायचं, मग चुलीतली राख. तरी वास राहायचाच. माघ-फागुनात वर्गात माझ्या शेजारची शालू बाकाच्या पार कडेला सरकून बसायची. "सर, इच्या हाताचा वास येऊन राहिला!" सर म्हणायचे, "मग तू नाकानं कशाला लिहितेस?" सगळा वर्ग हसायचा, शालूही हसायची. वाळलेले शेंडे मग एका धुवट फडक्यात बांधून बाबा एसटीनं नागपूरला न्यायचे. गांधीबागेच्या पलीकडे जडीबुटीवाल्यांची गल्ली होती. बाबा परतले की त्यांच्या सदऱ्याला त्या गल्लीचा वास असायचा, ओव्याचा, कापराचा, गोणपाटाचा.

आणि फळा. तो आठवला की आता अंगावर काटा येतो. सातवीत सरांनी विचारलं, "फूल न येणारी एखादी वनस्पती सांगा." कुणी नेचे म्हणालं, कुणी शेवाळ. मी हात वर केला. "डिकामाली." सर बाहेरगावचे, त्यांना हे झुडूप माहीत नव्हतं. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "हो सर! डिकामालीले फूल येतच नाई." शालूसुद्धा. सरांनी विश्वास ठेवला आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलं: नेचे, शेवाळ, डिकामाली. ती अक्षरं आठवडाभर कुणी पुसली नाहीत. माझं उत्तर फळ्यावर राहिलं असं शाळेत एकदाच झालं. शाळा सुटली तेव्हाही ते उत्तर बरोबर आहे असं धरूनच मी बाहेर पडले, आणि पुण्यात आले, आणि चाळिशी गाठली.

यंदा चैत्रात आठ दिवसांची सुट्टी काढून गावी गेले. मायचे डोळे गेल्या दोन वर्षांत फार अधू झाले आहेत. उजेड आणि सावली एवढंच कळतं. पहिल्याच सकाळी मी म्हटलं, "माय, बरडावर जाऊन येते."

"काय ठेवलं आहे तिथी आता," ती म्हणाली. "लेआऊट पडला ना."

पडला होता. नागपूर सरकत सरकत आमच्यापर्यंत आलं होतं. प्लॉट आखलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा, काड्यांना बांधलेल्या रंगीत झेंड्या, दोन खांबांची कमान आणि एक मोठा बोर्ड. बोर्डावर हिरवीगार झाडं काढलेली, नारळाची. आमच्याकडे नारळ देवळात दिसतो तेवढाच. बरडाचं उंच अंग कापून खालच्या बाजूला भर घालणं चाललं होतं. भराट्या नाहीत, धायटी नाही. तांबडी, उघडी, सोललेली जमीन. वास नव्हता कशाचाच, फक्त डिझेलचा.

एका टोकाला उरलेल्या उंचवट्यावर मात्र काहीतरी पांढरं दिसलं. कागद अडकला असेल म्हणून जवळ गेले. फूल होतं. पाच-सहा पाकळ्यांचं, भिरभिऱ्यासारखं पसरलेलं, असं पांढरं की त्याच्या कडेला हवाही पांढरी वाटावी. वास गोड, थंड. शेजारी एक पिवळं, आणि पलीकडे आणखी पांढरी. हे कोणतं झाड आपल्या बरडावर आलं, म्हणून मी फांदी वाकवली. शेंड्यावर डिंकाचा थेंब होता. बोटाला लागला. बोट नाकाशी नेलं.

मी तिथंच बसले.

फूल या शेंड्यांपाशीच येतं. आणि शेंडे आम्ही दर माघात खुडून न्यायचो. मायनं खुडले, तिच्या मायनं खुडले, मी खुडले. चुकून राहिलेला एखादा शेंडा चैत्रात फुललाही असेल, पण चैत्रात बरडावर कुणाचं कामच नसे. तेव्हा सगळं गाव पलीकडच्या रानात मोहफुलं वेचायला जायचं. आम्ही खुडायला यायचो तेव्हा ते फुललेलं नसायचं, आणि ते फुलायचं तेव्हा आम्ही नसायचो. खुडणाऱ्या पोरी माझ्यासारख्या बाहेर गेल्या, आता कितीतरी वर्षांत इथं कुणी खुडायला आलेलं नाही. ते झुडूप आपलं आपण फुलत राहिलं होतं.

"ओ ताई! बाजूले व्हा ना! काहून मशीनसमोर येऊन बसल्या?"

हे रामदासभाऊ. जेसीबी माझ्यापासून वीस पावलांवर घरघरत होता.

"भाऊ, याले फूल आलं!" मी ओरडले.

"चैत आहे ताई, सगळ्यायलेच येते!"

"याले येत नाई!"

त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मला नीट न्याहाळलं. "येत नाई म्हनता अन् आलं म्हनता. ऊन लागलं काय? पानी देऊ?"

मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. फळ्याचंही सांगितलं. ते हसले नाहीत. झुडपाभोवती एक चक्कर मारली. "अन् हे काय आहे?" पानांआड फळं होती, पेरूच्या पिल्लाएवढी, अंगावर उभ्या रेघा असलेली, टणक. आठ. मी फळही पहिल्यांदाच पाहत होते. यात बी असेल. बी हाती लागलं तर हे झुडूप कुठंतरी उरेल. बाकी आजूबाजूला एकही नव्हतं. मी नंतर तीन गावांची शीव फिरून आले, नव्हतंच.

"पन पिकलं कोनतं?" मी विचारलं. "कच्चं तोडलं तं बी उगवनार नाई."

"गावात विचारा ना कोनाले."

"कोनालेच माहीत नाई भाऊ. कोनी पाह्यलंच नाई."

तेव्हा ते हसले. "वा गा! सारं गाव याच्यावर जगलं अन् त्याचं लेकरू कोनी पाह्यलं नाई." मग डोकं खाजवत म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत हे टेकाड साफ कराचं आहे मले. पन ऐका."

खोदताना किती मुरूम काढला ते मोजता यावं म्हणून मधे मधे जुन्या जमिनीच्या उंचीचे खांब सोडून देतात. माप घेऊन झालं की ते खांबही पाडतात. माप घेणारा साहेब पाच दिवसांनी येणार होता. "दोन खांब सोडले, तिसरा इथीच सोडतो," रामदासभाऊ म्हणाले. "खांब तं मधात सोडाचा असते. हा कोपऱ्यात आहे. पन पाच रोज मिळतीन तुमाले."

"कोनी बोललं तं?"

"बोलू द्या. मशीनच्या आवाजात कोनाचं ऐकू येते?"

संध्याकाळी मी मायसाठी एक फूल आणि एक शेंडा आणला. ती ओसरीवर बसली होती.

"माय, हात समोर कर."

"काय आनलं वं? मोगरा?"

"डिकामालीचं फूल."

"हट्! पुण्याले जाऊन मायले येडी बनवाले शिकली काय तू?"

मी दुसऱ्या हातावर शेंडा ठेवला. तिनं तो हुंगला, मग फूल हुंगलं, मग पुन्हा शेंडा. बराच वेळ.

"पांढरं आहे?"

"सकाळी पांढरं होतं. आता पिवळं होऊन राहिलं."

"डोये होते तवा दिसलं नाई," ती म्हणाली. बोटांनी एकेक पाकळी चाचपली, जसं नव्या बाळाचे कान चाचपतात. "मंग आपनच तोडत होतो ना वं. शेंडा म्हनून फूलच तोडत होतो." मग शेंडा पुन्हा हुंगून म्हणाली, "पन आपन तोडत होतो तवा बरडभर झाडं होते." ते फूल तिनं कानामागे खोवलं. तिला कधी फूल माळलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर टेकाड गेलं होतं, आणि त्याच्या जागी दीड पुरुष उंचीचा मुरुमाचा खांब उभा होता. चार बाजूंनी कापलेला, आणि डोक्यावर हिरवं झुडूप, पांढऱ्या फुलांचं. आजूबाजूला सगळं सपाट. सकाळी तो खांब मशीनच्या धुळीत नुसता डोक्यानं तरंगायचा. रोज मी डब्यात भाकर आणि चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, घेऊन जायची आणि जेसीबीच्या सावलीत आम्ही बसायचो. रामदासभाऊ खाताना फळांकडे बघत. "पाखराले विचाराचं. त्यानं चोच मारली का समजा झालं." घराबद्दल एकदाच बोलले. "आंगन आहे मोठं. पन उघडं, बोडखं. सारी जिनगी झाडं पाडाचंच काम केलं ताई. वाटते, एक तरी लावावं. पन मी घरी असतो कुठी."

मला रात्रंदिवस एकच काळजी. वारा आला तर? खांब ढासळला तर? साहेब आधीच आला तर? चौथ्या सकाळी रामदासभाऊंनी लांबूनच हात केला. एक बुलबुल खांबावर बसून एका फळावर ठोके देत होता. त्या फळाला भोक पडलं होतं, आत काळसर गर.

"चढा," ते म्हणाले, आणि जेसीबीचं तोंड माझ्यासमोर जमिनीला टेकवलं.

"याच्यात?"

"भेव लागते काय? गावातले नवरदेव बसते वरातीत."

मी बसले, काठ घट्ट धरून. ते मला इतक्या हळू वर उचलत होते, की मशीनलासुद्धा कुणाची झोप मोडायची नव्हती असं वाटावं. वर आले आणि समोर पाहिलं. गाव दिसलं. मारुतीच्या देवळाचा कळस, तळ्याचा तुकडा, आमच्या घराची मागची कौलं, सगळं नेमकं त्याच कोनातून, जसं माघाच्या पहाटे दिसायचं. मी जुन्या बरडाच्या उंचीवर होते. खाली जमीन नव्हती, पण नजर तिथंच होती, दवात, चपला हातात घेऊन. कट् कट् आवाज येईल असं वाटलं. तेलाचा हात फिरवल्यासारखी पानं हलली. मी तीन फळं तोडली, जी बोटाखाली दबली ती. पाच हिरवी राहिली. उतरण्याआधी माझ्या तोंडून आपोआप आलं, "येतो गा बाप्पा." पुढल्या साली म्हणायला जीभ वळली नाही.

पाचव्या दिवशी साहेब आला. टेप लावला, वहीत लिहिलं आणि मग खेकसला, "हा खांब कोपऱ्यात काहून सोडला? किती वर्सं झाले मशीन चालवून राहिला तू?"

मी पुढे होणार होते. रामदासभाऊंनी डोळ्यांनीच थांबवलं. "चुकलं साहेब," ते म्हणाले.

इतकं काम करणारा माणूस, दुसऱ्याच्या झुडपापायी सगळ्या मजुरांसमोर अडाणी ठरला. साहेब बराच वेळ बोलत होता. मी ऐकलं नाही, पण पाहिलं. मग खांब पडला. मी तोंड फिरवलं होतं, तरी वास आलाच. सगळ्या फांद्या एकदम मोडल्यावर येतो तसा, पूर्ण माघाचा वास एका झटक्यात.

थोड्या वेळानं रामदासभाऊ आले. मुळाचा एखादा तुकडा जगेल का म्हणून त्यांनी हातानं ढिगारा चाळला होता. मूळ फाटलेलं होतं. त्यांचे दोन्ही तळवे पिवळे, चिकट.

"हे काय आहे ताई, जातच नाई!"

"पान्यानं नका धुऊ," मी म्हटलं. "आधी तेल, मंग राख."

घरून तेलाची वाटी आणि राख मीच नेऊन दिली. ते हात चोळत बसले आणि मी उभी राहिले. त्यांचा नंबर मागायचा सुचलं नाही. गावाचं नाव तेवढं सांगून ठेवलं होतं त्यांनी, आणि खूण: नदीकडे उतरताना हातपंपासमोरचं घर.

आता पाळणाघराच्या खिडकीत दुधाच्या पावडरीचे सहा डबे आहेत. जेठात पेरलेलं बी आषाढ अर्धा सरला तरी वर येईना. मी रोज पहाटे उठून आधी माती पाहायची, मग चहा ठेवायची. मुलंही डब्यात डोकावून विचारायची, "मावशी, बाळ उठलं?" मग एका सकाळी दोन डब्यांत हिरवे आकडे दिसले, आठवड्यात आणखी दोन. बाकीचे दोन डबे अजून तसेच आहेत; टाकवत नाहीत. त्या चार रोपांना आता सहा-सहा पानं आहेत. चकचकीत.

काल दुपारी मुलं निजलेली असताना पाहिलं, तर सगळ्यात मोठ्या रोपाच्या शेंड्यावर मोहरीएवढा पिवळा थेंब. माझं बोट आणि अंगठा आपसूक पुढे गेले. नख लागणार एवढ्यात हात मागे घेतला, आणि पदराखाली दाबून बसले.

रामदासभाऊ, तुम्ही हे वाचाल असं वाटत नाही. तरी लिहून ठेवते. यातलं एक रोप तुमच्या अंगणाचं. हातपंपासमोरचं घर मी शोधीन. तुम्ही कामावर असाल तर वहिनींना विचारून लावीन, पाणी किती द्यायचं ते सांगून येईन. फूल यायला किती वर्षं लागतात ते मला माहीत नाही. माहीत असणारं कुणी मला भेटलेलं नाही. पण ज्या चैत्रात ते फुलेल, त्या चैत्रात मी मायचा हात धरून तुमच्या अंगणात येईन. तुम्हीही सुट्टी काढा. फळ पिकलं का ते पाहण्याच्या नादात तुम्ही फूल धड पाहिलंच नाही. सकाळी पांढरं असतं. संध्याकाळपर्यंत बसलात तर पिवळं होताना दिसेल. तोवर एकाही शेंड्याला मी हात लावणार नाही.